एकच ऑर्डर दोनदा मोजली जाऊ नये म्हणून: मेटा आणि गुगल जाहिरातींचं ट्रॅकिंग कोणत्या क्रमाने बसवायचं

बहुतेक ठिकाणी काम उलट्या क्रमाने होतं. आधी कॅम्पेन सुरू होतं, मग दोन आठवड्यांनी कुणीतरी विचारतं की डॅशबोर्डवरची विक्री आणि बॅकएंडमधल्या ऑर्डरी जुळत का नाहीत, आणि मग चालू कॅम्पेनखालीच पिक्सेलची, म्हणजे साइटवरची हालचाल मेटाला कळवणाऱ्या कोडची, दुरुस्ती सुरू होते. तोपर्यंत चुकीच्या आकड्यांवर मशीन शिकून मोकळं झालेलं असतं.

पूर्वी ही चूक निभावून जायची, कारण वय, आवडीनिवडी, कीवर्ड, बोली हे सगळं माणूस ठरवायचा. मेटाच्या ॲडव्हांटेज प्लस आणि गुगलच्या परफॉर्मन्स मॅक्स कॅम्पेनमध्ये जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टिम ठरवते, आणि ते तुम्ही पाठवलेल्या कन्व्हर्जनवरून, म्हणजे झालेल्या खरेदीच्या किंवा चौकशीच्या नोंदींवरून, ठरवते. एक ऑर्डर दोनदा पोचली तर सिस्टिम तसल्या ग्राहकांना दुप्पट किमतीचे समजते. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. एखादी पायरी आधीच झाली आहे असं वाटत असेल, तरी तिची तपासणी करूनच पुढे जा.

## सुरुवातीची तयारी

ॲक्सेस. मेटाचं बिझनेस पोर्टफोलिओ, ॲड अकाउंट आणि डेटासेट, म्हणजे ज्याला अजूनही सगळे पिक्सेल म्हणतात तो, गुगल ॲड्समध्ये ॲडमिन, जीए४ (गुगल ॲनालिटिक्स ४) मध्ये किमान एडिटर, गुगल टॅग मॅनेजरमध्ये (टॅग म्हणजे साइटवर बसवायचा मोजणीचा कोड) पब्लिशचा अधिकार, वेबसाइटचं ॲडमिन. डेटासेट व्यवसायाच्या स्वतःच्या पोर्टफोलिओत हवा. एजन्सीच्या नावावर असेल, तर एजन्सी बदलताना सगळा डेटा मागे राहतो. हे आजच तपासा.

चलन आणि टाइमझोन. मेटाचं ॲड अकाउंट, गुगल ॲड्स, जीए४ आणि वेबसाइट या चारही ठिकाणी सारखेच हवेत. गुगल ॲड्समध्ये चलन नंतर बदलता येत नाही. मेटात चलन किंवा टाइमझोन बदलला की जुनं ॲड अकाउंट बंद होऊन नवं सुरू होतं. टाइमझोन वेगळे राहिले तर रोजचे आकडे कधीच जुळणार नाहीत आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल.

आधीपासून काय बसलंय त्याची यादी. जुन्या साइटवर एकच पिक्सेल सहसा तीन जागी सापडतो: थीमच्या हेडरमध्ये हाताने टाकलेला, एखाद्या प्लगिनमधून आलेला आणि टॅग मॅनेजरमधला. ब्राउझरमध्ये मेटा पिक्सेल हेल्पर आणि गुगलचं टॅग असिस्टंट घ्या. होम पेज, प्रॉडक्ट पेज, कार्ट, चेकआउट आणि थँक्यू पेज उघडा आणि प्रत्येक पानावर कोणता इव्हेंट, म्हणजे ग्राहकाच्या कृतीची नोंद, किती वेळा सुटतो (पाठवला जातो) ते लिहून काढा.

> तपासणी: एका पानावर पेजव्ह्यू एकदाच दिसला पाहिजे. दोनदा दिसला तर इथेच थांबा आणि जास्तीचा कोड काढा. त्यावर नवं काही चढवू नका.

## पायरी १: इव्हेंट कागदावर ठरवा

ऑनलाइन विक्रीला चार इव्हेंट पुरतात: प्रॉडक्ट पाहिलं, कार्टमध्ये टाकलं, चेकआउट सुरू केलं, खरेदी झाली. चौकशी मिळवणाऱ्या व्यवसायाला लीड हा एकच पुरतो, फार तर फोनवरचा क्लिक वेगळा मोजा.

प्रत्येक इव्हेंटपुढे चार गोष्टी लिहा: तो नेमका केव्हा सुटणार, मेटातलं नाव, जीए४ मधलं नाव, आणि सोबत काय जाणार. नावं दोन्हीकडे वेगळी आहेत. मेटाच्या स्टँडर्ड इव्हेंटमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं आणि शब्द जोडून लिहितात. जीए४ मध्ये सगळी अक्षरं स्मॉल आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. दोन्हीकडे एकच नाव चालेल असं समजून कोड लिहिला, तर एकीकडे तो कस्टम इव्हेंट होऊन पडतो आणि ऑप्टिमायझेशनच्या यादीत दिसतच नाही.

खरेदीसोबत रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक गेलाच पाहिजे. रक्कम नुसता आकडा असावा, त्यात चलनाचं चिन्ह किंवा स्वल्पविराम नको. चलन तीन अक्षरी आयएसओ कोडमध्ये. रकमेत कर आणि डिलिव्हरी चार्ज धरायचे की नाही हे एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. मेटाला करासह आणि गुगलला कराविना रक्कम पाठवून नंतर दोघांचा परतावा शेजारी मांडण्यात काही अर्थ नाही.

## पायरी २: संमतीचा बॅनर टॅगच्या आधी

तुमच्या साइटवर युरोपियन आर्थिक क्षेत्रातून लोक येत असतील, तर मार्च २०२४ पासून गुगलच्या जाहिरात साधनांसाठी कन्सेंट मोडची दुसरी आवृत्ती लागते. त्यात चार सिग्नल आहेत: जाहिरातीच्या कूकीज, ॲनालिटिक्सच्या कूकीज, जाहिरातीसाठी ग्राहकाची माहिती पाठवणं, आणि त्या माहितीवरून जाहिरात वैयक्तिक करणं. शेवटचे दोन दुसऱ्या आवृत्तीत आले. जुना बॅनर ते पाठवत नाही, म्हणून बॅनर आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

इथे क्रम फार महत्त्वाचा. मूळ स्थिती सांगणारा आदेश बाकी सगळ्या टॅगच्या आधी गेला पाहिजे. टॅग मॅनेजरमध्ये त्यासाठी कन्सेंट इनिशिअलायझेशन हा वेगळा ट्रिगर आहे, बॅनरचा टॅग त्यावरच लावा. दुसरी नेहमीची चूक अशी की मूळ स्थिती "नकार" ठेवली जाते, पण ग्राहकाने होकार दिल्यावर अपडेटचा आदेश सुटतच नाही. बॅनर व्यवस्थित दिसतो, बंदही होतो, आणि कन्व्हर्जन मात्र गायब.

> तपासणी: टॅग असिस्टंटच्या कन्सेंट टॅबमध्ये होकार देण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती पाहा. चारही सिग्नल बदलले पाहिजेत.

## पायरी ३: ब्राउझरमधले टॅग, एकाच वाटेने

टॅग मॅनेजर किंवा प्लॅटफॉर्मचं अधिकृत इंटिग्रेशन, यांपैकी एकच निवडा. दोन्ही ठेवून "एक बंद पडलं तर दुसरं असेल" हा हिशेब चुकतो.

- टॅग मॅनेजर वापरत असाल तर गुगल ॲड्ससाठी कन्व्हर्जन लिंकर टॅग (जाहिरातीवरच्या क्लिकची माहिती कूकीत जपणारा) सगळ्या पानांवर लावा, फक्त थँक्यू पेजवर नाही.
- गुगल ॲड्समध्ये ऑटो-टॅगिंग चालू ठेवा. त्यानेच लिंकला क्लिक आयडी, म्हणजे त्या क्लिकची ओळख, जोडली जाते.
- जाहिरातीच्या लिंकवरून येताना वाटेत रीडायरेक्ट असेल, तर ॲड्रेस बारमध्ये शेवटपर्यंत क्लिक आयडी टिकतो का ते डोळ्यांनी पाहा. रीडायरेक्टमध्ये तो गळून पडला की खरेदी होते, पण ती कोणत्या जाहिरातीची हे कुणालाच कळत नाही.
- पेमेंट दुसऱ्या डोमेनवर होत असेल, तर ते डोमेन जीए४ च्या नको असलेल्या रेफरलच्या यादीत टाका. नाहीतर विक्रीचं श्रेय पेमेंट गेटवेच्या नावावर जमा होत राहतं.

खरेदीचा टॅग नुसतं थँक्यू पेज उघडल्यावर सुटत असेल, तर दोन बाजूंनी गळती होते. ग्राहक ते पान रीफ्रेश करतो किंवा ईमेलमधल्या लिंकवरून पुन्हा उघडतो तेव्हा खरेदी परत मोजली जाते. आणि जो ग्राहक पैसे भरून परत येण्याआधीच टॅब बंद करतो त्याची खरेदी मोजलीच जात नाही. पहिल्यावर उपाय साधा आहे. ऑर्डरवर "टॅग सुटला" अशी खूण सर्व्हरवर ठेवा आणि खूण असेल तर टॅग पानात छापूच नका. दुसऱ्यावर उपाय म्हणजे पुढची पायरी.

## पायरी ४: कन्व्हर्जन एपीआय आणि डीडुप्लिकेशन

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

कन्व्हर्जन एपीआय म्हणजे तोच इव्हेंट तुमच्या सर्व्हरवरून मेटाला पाठवणं. ॲड ब्लॉकर, ब्राउझरचे निर्बंध, बंद केलेला टॅब यांमुळे ब्राउझरमधून जे निसटतं ते सर्व्हरवरून पोचतं. सफारीमध्ये जावास्क्रिप्टने ठेवलेली कूकी जास्तीत जास्त सात दिवस टिकते, काही परिस्थितीत एकच दिवस. त्यामुळे बरेच दिवस विचार करून खरेदी करणारा ग्राहक नुसत्या पिक्सेलला ओळखताही येत नाही.

पण आता एकाच खरेदीचे दोन निरोप जातात. ते एकच आहेत हे मेटाला कळण्यासाठी (यालाच डीडुप्लिकेशन म्हणतात) दोन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात: इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी. दोन्ही निरोप ४८ तासांच्या आत पोचायला हवेत.

इव्हेंट आयडी कुठून आणायचा. खरेदीसाठी ऑर्डर क्रमांकावरूनच बनवा, कारण तो ब्राउझरला आणि सर्व्हरला दोघांनाही माहीत असतो. बाकी इव्हेंटसाठी आयडी एकाच जागी तयार करा आणि दुसरीकडे पोचवा. डेव्हलपरकडून हमखास होणारी चूक म्हणजे ब्राउझर एक रँडम आयडी बनवतो आणि सर्व्हर स्वतःचा दुसरा बनवतो. दोन्हीकडे आयडी आहे म्हणून काम झालं असं वाटतं, आणि प्रत्येक ऑर्डर दोनदा मोजली जाते. आयडी एकच असला आणि नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक राहिला, तरी तेच.

ग्राहकाची माहिती. ईमेल आणि फोन एसएचए-२५६ ने हॅश करून, म्हणजे मूळ मजकूर ओळखू न येणाऱ्या सांकेतिक अक्षरांत बदलून, पाठवायचे असतात. हॅश करण्याआधी ते साफ करणं हेच खरं काम. ईमेलच्या मागचापुढचा स्पेस काढा आणि सगळी अक्षरं स्मॉल करा. फोनमध्ये देशाच्या कोडसह फक्त अंक ठेवा. अधिकचं चिन्ह, कंस, डॅश आणि सुरुवातीची शून्यं काढा. ईमेलच्या शेवटी एक स्पेस राहिला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो आणि तो कुणाशीच जुळत नाही. एररसुद्धा येत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. काही प्लगिन स्वतः हॅश करतात. त्यांना आधीच हॅश केलेलं दिलंत तर हॅशचा हॅश जातो.

हॅश न करता पाठवायचं ते: ग्राहकाचा आयपी ॲड्रेस, ब्राउझरचा युजर एजंट (ब्राउझर कोणता ते सांगणारी ओळ) आणि मेटाच्या दोन कूकीज, म्हणजे ब्राउझर आयडी आणि क्लिक आयडी. आयपी ग्राहकाचाच हवा. सर्व्हर प्रॉक्सीमागे असेल तर प्रत्येक ऑर्डरीसोबत तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचा आयपी जातो, हे लॉग उघडून तपासा. क्लिक आयडीतली अक्षरं ईमेलसारखी स्मॉल करू नका, तिथे कॅपिटल-स्मॉलला अर्थ आहे.

वेळ. इव्हेंटची वेळ युनिक्स टाइममध्ये, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या सेकंदांत. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद देते, म्हणून हजाराने भागायचं राहून जातं. गोंधळ वाढवायला क्लिक आयडीच्या कूकीत जी वेळ असते ती मात्र मिलिसेकंदांतच असते, तिला हात लावू नका. वेबसाइटवरचे इव्हेंट सात दिवसांपेक्षा जुने असून चालत नाहीत. आणि नुसता तेवढाच इव्हेंट नाकारला जात नाही: एकगठ्ठा पाठवलेल्यांत एक जरी जुना निघाला, तरी पूर्ण गठ्ठा परत येतो. रात्री एकदाच सगळं पाठवणारी स्क्रिप्ट असेल तर जुन्या ऑर्डरी आधी वेगळ्या काढा.

> तपासणी: इव्हेंट्स मॅनेजरमधलं टेस्ट इव्हेंट्स उघडा, तिथला टेस्ट कोड सर्व्हरच्या निरोपात घाला आणि एक खरी ऑर्डर शेवटपर्यंत करून पाहा. खरेदी दोन ओळींत दिसेल, एक ब्राउझरची आणि एक सर्व्हरची, आणि त्यांपैकी एक डीडुप्लिकेट झालेली दाखवली पाहिजे.
>
> इशारा: काम झालं की टेस्ट कोड काढा. तो कोडमध्ये राहिलेल्या साइट खूप आहेत.

इव्हेंट मॅच क्वालिटी म्हणजे पाठवलेली ग्राहकाची माहिती किती जुळण्याजोगी आहे याचा दहापैकी गुण. खरेदीचा गुण सर्वात आधी पाहा. तिथे ईमेल, फोन, पत्ता सगळं हाताशी असतं, तरी गुण कमी असेल तर वरच्या साफसफाईत काहीतरी राहिलंय. प्रॉडक्ट पेजचा गुण कमी असणं स्वाभाविक आहे, त्यामागे लागू नका.

## पायरी ५: गुगल ॲड्स आणि जीए४

इथली मोठी चूक एकच. जीए४ मधली खरेदी गुगल ॲड्समध्ये इम्पोर्ट केलेली असते आणि गुगल ॲड्सचा स्वतःचा खरेदीचा टॅगही बसलेला असतो, आणि दोन्ही कन्व्हर्जन "प्रायमरी" असतात. मग बोली लावणारी सिस्टिम एक ऑर्डर दोन धरते. एक प्रायमरी ठेवा, दुसरी सेकंडरी करा. सेकंडरी रिपोर्टमध्ये दिसते, पण बोलीवर सहसा परिणाम करत नाही. आमचं मत गुगल ॲड्सचा टॅग प्रायमरी ठेवण्याकडे आहे, कारण एन्हान्स्ड कन्व्हर्जन (ग्राहकाची हॅश केलेली माहिती गुगललाही पाठवणं) त्यावर सरळ बसवता येतं.

1. खरेदीसाठी मोजणी "प्रत्येक" ठेवा आणि लीडसाठी "एकदाच". एकाच माणसाने फॉर्म तीनदा भरला म्हणून तीन लीड होत नाहीत.
2. ट्रान्झॅक्शन आयडीत ऑर्डर क्रमांक पाठवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर गुगल तो धरत नाही.
3. एन्हान्स्ड कन्व्हर्जन चालू करा. आधी ग्राहक-माहितीच्या अटी स्वीकाराव्या लागतात. ते राहिलं की कोड बरोबर असूनही काही होत नाही.
4. जीए४ मध्ये डेटा रिटेन्शन मुळात दोन महिने असतं. ते १४ महिने करा. मागे गेलेला डेटा परत मिळत नाही.

मार्च २०२४ पासून जीए४ मध्ये ज्याला कन्व्हर्जन म्हणायचे त्याला "की इव्हेंट" म्हणतात, आणि कन्व्हर्जन हा शब्द जाहिरातींपुरता उरला. मेनू सापडत नाही म्हणून अडलेले बरेच जण इथेच अडलेले असतात.

## पायरी ६: यूटीएम

यूटीएम म्हणजे ग्राहक कुठून आला ते सांगणारे, लिंकच्या शेवटी जोडलेले शब्द. जीए४ त्यांतली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतं, म्हणून एकाच सोर्सच्या दोन ओळी होतात. सगळं स्मॉलमध्ये लिहा. साइटच्या आतल्या बॅनरला किंवा मेनूला यूटीएम लावू नका, त्याने जाहिरातीचं श्रेय बिघडतं.

मेटामध्ये कॅम्पेनचं नाव आपोआप भरणारे डायनॅमिक पॅरामीटर आहेत, पण जाहिरात पहिल्यांदा पब्लिश झाली तेव्हाचं नाव ते धरून ठेवतात. नंतर नाव बदललंत तरी लिंकमध्ये जुनंच जातं. म्हणून नावासोबत कॅम्पेनचा आयडीही पाठवा. तो बदलत नाही.

## पायरी ७: आकडे जुळवणं

मेटाची विक्री अधिक गुगलची विक्री बरोबर बॅकएंडची विक्री, हे समीकरण कधीच जुळणार नाही. ग्राहक आधी एका जाहिरातीवर क्लिक करतो, दोन दिवसांनी दुसरीवर, आणि ऑर्डर एकच असली तरी श्रेय दोघंही घेतात. मेटाची नेहमीची मोजणी क्लिकनंतर सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतर एक दिवस अशी असते. गुगल ॲड्सची क्लिकची मुदत मुळात ३० दिवस असते, आणि ते विक्री क्लिकच्या तारखेवर मांडतं. आज झालेली ऑर्डर मागच्या आठवड्यात दिसते ती याचमुळे.

जुळवायचं ते वेगळं. इव्हेंट्स मॅनेजरला एकूण किती खरेद्या पोचल्या, कोणत्याही जाहिरातीचं श्रेय न धरता, हा आकडा बॅकएंडच्या ऑर्डरींशी लावा. जाहिरातीतून न आलेले ग्राहकही त्यात येतात, त्यामुळे तो बॅकएंडच्या अगदी जवळ असायला हवा. सलग सात दिवस दोन्ही आकडे शेजारी लिहा.

- पोचलेले जवळपास दुप्पट: इव्हेंट आयडी जुळत नाही.
- थोडेसेच जास्त: थँक्यू पेज पुन्हा उघडलं जातंय, किंवा रद्द ऑर्डरी तुम्ही बॅकएंडमधून वजा केल्यात.
- बरेच कमी: सर्व्हरचे निरोप नाकारले जातायत. एररचा लॉग वाचा, वेळ आधी पाहा.
- आकडा बरोबर पण रक्कम चूक: कर, डिलिव्हरी चार्ज किंवा चलनाचा कोड.

## पायरी ८: आता कॅम्पेन

मेटात आता सहाच उद्दिष्टं आहेत. विक्री हवी असेल तर सेल्स घ्या आणि खरेदीचा इव्हेंट निवडा. ट्रॅफिक घेतलंत तर क्लिक करणारी माणसं मिळतील, विकत घेणारी मिळतीलच असं नाही.

ॲड सेटला, म्हणजे कॅम्पेनमधल्या जाहिरातींच्या गटाला, शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला आठवड्यात साधारण ५० कन्व्हर्जन लागतात. म्हणून बजेट उलट्या बाजूने काढा: एका खरेदीला येणारा खर्च गुणिले ५०, भागिले ७, म्हणजे एका ॲड सेटचं रोजचं बजेट. ते परवडत नसेल तर पाच ॲड सेटचा एक करा. तरीही नसेल जमत, तर चेकआउट सुरू करणं या आधीच्या इव्हेंटवर ऑप्टिमाइझ करा आणि खरेद्या वाढल्या की परत या. टार्गेटिंग, इव्हेंट किंवा बजेट यांत मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, त्यामुळे रोज सकाळी हात लावायची सवय सोडा.

## जुन्या लेखांतल्या या पायऱ्या सोडून द्या

- मेटात आठ इव्हेंटचा अग्रक्रम लावणं. ती सेटिंग आता करावी लागत नाही.
- वेगळं ऑफलाइन कन्व्हर्जन एपीआय. ते २०२५ मध्ये बंद झालं, दुकानातली विक्रीही आता कन्व्हर्जन एपीआयमधूनच जाते.
- लिनियर, टाइम डिके, फर्स्ट क्लिक आणि पोझिशन-बेस्ड ही विक्रीचं श्रेय वाटण्याची मॉडेल. गुगलने ती २०२३ मध्ये काढली. गुगल ॲड्समध्ये डेटा-ड्रिव्हन किंवा लास्ट क्लिक एवढंच उरलंय.

## आधीच चुकीचं मोजलं गेलं असेल तर

आधी मूळ चूक दुरुस्त करा आणि ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होती ते लिहून ठेवा. गुगल ॲड्समध्ये त्या तारखांसाठी डेटा एक्सक्लुजन लावता येतं, म्हणजे स्मार्ट बिडिंग (आपोआप बोली लावणारी सिस्टिम) ते दिवस धरत नाही. तारखा निवडताना लक्ष द्या: त्या क्लिकच्या असतात, खरेदीच्या नाहीत, म्हणून क्लिकपासून खरेदीपर्यंत जितके दिवस लागतात तितकं मागे जावं लागतं. रद्द किंवा दुबार ऑर्डरी ऑर्डर क्रमांकाने मागे घेण्याचीही सोय आहे, पण ट्रान्झॅक्शन आयडी सुरुवातीपासून पाठवला असेल तरच. मेटात अशी पूर्ण पुसण्याची सोय नाही, तिथे जुन्या ॲड सेटला डागडुजी करण्यापेक्षा दुरुस्तीनंतर नवा ॲड सेट सुरू करा. आणि थीम, प्लगिन किंवा पेमेंट गेटवे यांपैकी काहीही बदललं, की त्याच दिवशी पायरी ४ मधली टेस्ट ऑर्डर पुन्हा करा.